रात्री काउंटरवर कोण जागं असतं, ते आधी विचारा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी तेवीस वर्षांची, सोलापुरातच शिकली, नुकतीच पहिली नोकरी लागली. मैत्रिणीबरोबर हंपी आणि तिथून गोकर्ण असा सहा दिवसांचा बेत आहे, आणि राहायचं ‘हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये’ म्हणते. एका खोलीत सहा-आठ अनोळखी माणसं, एकावर एक पलंग. हे सुरक्षित असतं का, काय बघून बुकिंग करावं, बरोबर काय द्यावं आणि मुळात ‘जा’ म्हणावं की नाही, असं तुम्ही विचारलंय.

‘जा’ म्हणा. पण त्याआधी तुम्हाला आणि तिला काही गोष्टी माहीत हव्यात, त्या सविस्तर सांगतो. सोलापुरी चादरी आणि टॉवेलांचे नमुने घेऊन मी सव्वीस वर्षं फिरलो. नांदेड, हुबळी, इंदूर, जबलपूर, रायपूर, पार कोलकात्यापर्यंत. भत्ता ठरलेला असायचा, त्यातून वाचेल ते घरी, म्हणून मुक्काम कायम कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीचं नव्हे, एका कॉटचं भाडं. आता गेली नऊ वर्षं स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर माझी स्वतःची छोटी डॉर्मिटरी आहे. पुरुषांच्या बारा कॉट, बायकांच्या सहा. बायकांची खोली माझी बायको बघते. त्यामुळे कॉटवर झोपणाऱ्याची बाजूही मला माहीत आहे आणि काउंटरवर बसणाऱ्याचीही.

अनोळखी माणसांत झोपायचं म्हटल्यावर आईच्या पोटात गोळा येणारच. पण जरा आठवून बघा. तुमच्याकडचं कुणी ना कुणी आषाढीला पंढरपूरला गेलेलं असेल. मठात सतरंजीवर ओळीनं पन्नास जण झोपतात, शेजारी परभणीचं कुटुंब, पायाशी बीडच्या आजी. पालखीच्या वाटेवर तर दिंड्या झेडपीच्या शाळेच्या व्हरांड्यात उतरतात. तुळजापूरला गेलो की आपण पुजाऱ्यांच्या वाड्यात पथारी टाकतो, आणि त्याच वाड्यात त्या रात्री आणखी तीन घरची माणसं असतात. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहूला धर्मशाळा उभ्या केल्या त्या याच माणसांसाठी, ज्यांना खोलीचं भाडं परवडत नाही. परदेशातल्या हॉस्टेलांची सुरुवातही अशीच आहे. १९०९ साली जर्मनीत रिचर्ड शिर्मान नावाचे एक शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले, वादळात सापडले आणि एका शाळेत गवत अंथरून सगळ्यांनी रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांमध्ये मुलांची मुक्कामाची सोय का होऊ नये, हे त्यांच्या डोक्यात तिथे आलं. पुढे १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात त्यांचं कायमचं वसतिगृह सुरू झालं. दिंडीचा शाळेतला मुक्काम बघितलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही.

फरक एकच आहे, पण तो मोठा आहे. मठात तुमची दिंडी असते, गावाचं नाव असतं, ‘अमक्यांची सून’ म्हणून ओळखणारं कुणी असतं. पुजाऱ्यांकडे तर वहीत तुमच्या आजोबांचं नाव सापडतं. हॉस्टेलमध्ये तुम्हाला कुणी ओळखत नसतं. तिथे त्या सगळ्या माणसांच्या जागी एकच माणूस असतो, काउंटरवरचा. आत कोण आलं, कोण गेलं, कुठल्या कॉटवर कोण आहे, हे त्याला माहीत असलं पाहिजे आणि रात्री तो जागा असला पाहिजे. भिंतीवरची चित्रं, गच्चीतला झोपाळा, फोटोतल्या पिवळ्या दिव्यांच्या माळा हे सगळं त्याच्यानंतर.

हे मला एका रात्रीत शिकायला मिळालं. एका मोठ्या शहरात स्टेशनसमोरच्या लॉजवर कॉट घेतली होती. शहराचं आणि लॉजचं नाव सांगत नाही. दर कमी होता, गादी बरी होती, मी समाधानानं झोपलो. नमुन्यांची बॅग कॉटखाली, मोबाईल दाराजवळच्या एकुलत्या प्लगला लावलेला. पहाटे चारला बाथरूमला उठलो तर खाली शटर अर्धं वर, काउंटरवरचा पोरगा बाकावर गाढ झोपलेला, आणि दोन माणसं जिन्यावरून वर येत होती. कुठल्या कॉटवर आहात विचारलं तर ‘मित्राला भेटायला आलोय’ म्हणाली आणि वळून गेली. परत येऊन बघतो तर प्लगला नुसता चार्जर. बॅग शाबूत होती, पण त्यात पंचवीस हजारांच्या ऑर्डरचे कागद होते आणि ते असे उघड्या दाराच्या खोलीत ठेवून मी पाच तास झोपलो होतो, या विचारानं सकाळपर्यंत डोळा लागला नाही. तेव्हापासून कुठेही कॉट घेताना मी आधी विचारतो, “रात्री इथं कोण असतं?”

तुमच्या मुलीला हेच करायला सांगा, आणि फोनवर. बुकिंगच्या आधी, रात्री साडेअकरा-बाराच्या सुमारास त्या हॉस्टेलला फोन लावायचा. दिवसा सगळेच गोड बोलतात. रात्री फोन कुणी उचलतो का, कसा उचलतो, यावरून निम्मं कळतं. उचलला तर विचारायचं: आमची गाडी पहाटे चारला येते, दार कोण उघडेल? मुलींच्या डॉर्मचं बाथरूम खोलीच्या आत आहे की बाहेर पॅसेजमध्ये? त्या खोलीला आतून कडी लागते का, की किल्ली किंवा कार्डानंच उघडते? ज्याला ठाऊक असतं तो पटकन सांगतो. ‘या तुम्ही, करू आपण काहीतरी’ असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नये. आमच्याकडे अशा वेळी-अवेळी येणाऱ्या फोनांचा मला कधी राग येत नाही. उलट जी मुलगी रात्री फोन करून विचारते ती आली की बायको तिला दाराजवळची सोडून आतल्या कोपऱ्यातली कॉट देते.

आता बुकिंगचं बघू. ‘फीमेल डॉर्म’ आणि ‘मिक्स्ड डॉर्म’ असे दोन प्रकार दिसतील. मिक्स्डमध्ये एकाच खोलीत मुलं-मुली दोन्ही असतात आणि दर थोडा कमी असतो. मिक्स्डमध्ये राहणाऱ्या कितीतरी मुलींना काहीही त्रास होत नाही, तेही खरं आहे. पण पहिल्याच प्रवासात शंभर-दीडशे रुपयांसाठी ते नको. फीमेल डॉर्म घ्या म्हणावं आणि चार किंवा सहा कॉटची. बारा कॉटच्या खोलीत रात्रभर कुणाचा ना कुणाचा अलार्म वाजत असतो.

लोकांचे अभिप्राय वाचताना पाच तारेवाले सोडून द्यायचे. एक-दोन तारेवाले वाचायचे, तेही गेल्या तीन-चार महिन्यांतले, आणि त्यातही एकट्या राहिलेल्या मुलींनी लिहिलेले. ‘वायफाय स्लो होतं’, ‘नाश्त्याला पोहे गार होते’ याला काही अर्थ नाही. पण ‘बाथरूमची कडी तुटकी होती’, ‘लॉकर नव्हते’, ‘तक्रार केली तर स्टाफनं लक्ष दिलं नाही’ यातलं एक वाक्य जरी दोन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेलं दिसलं तरी पुढची जागा बघायची. मालकानं खाली काय उत्तर दिलंय तेही वाचा. चूक मान्य करून काय सुधारलं ते सांगणारा मालक वेगळा आणि गिऱ्हाइकावर घसरणारा वेगळा.

पैसे एकाच रात्रीचे भरायचे. सहा रात्री एकदम भरल्या की जागा वाईट निघाली तरी माणूस ‘पैसे बुडतील’ म्हणून तिथेच कुढत राहतो. गर्दीचा हंगाम नसेल तर दुसऱ्या दिवशी मुक्काम वाढवता येतो. शनिवार-रविवारी आणि लागून आलेल्या सुट्ट्यांना दर चढतात, तेव्हा सोमवार ते गुरुवार बघा. दाखवलेला दर करासकट आहे का तेही बघा, साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. आणि दोघी आहेत म्हणून एक हिशेब जरूर करा. डॉर्ममधली एक कॉट सहाशेला असेल तर दोघींचे बाराशे झाले. तेवढ्यात कधी कधी एखाद्या घरगुती होमस्टेमध्ये दोघींना स्वतंत्र खोली मिळून जाते. एकट्या माणसाला डॉर्म स्वस्त पडते, दोघांना दरवेळी पडतेच असं नाही, आणि चौघांना तर बहुतेक वेळा खोलीच परवडते. तरीही तिला माणसं भेटावीत म्हणून डॉर्म हवी असेल तर तेही चांगलं कारण आहे, फक्त पैसे वाचतात म्हणून चाललोय असा गैरसमज नको.

वेळांचा घोळ खूप जणांचा होतो. आपल्याकडच्या जुन्या लॉजवर ‘२४ तास चेक-आउट’ असतं, म्हणजे आलात तिथून पुढे चोवीस तास. हॉस्टेलमध्ये तसं नसतं. दुपारी एक-दोनला आत, सकाळी दहा-अकराला बाहेर. रात्रीच्या बसनं पहाटे पाचला उतरलात तर कॉट मिळायला आठ-नऊ तास असतात. चांगल्या ठिकाणी सामान ठेवून घेतात, बाथरूम वापरू देतात, कॉमन रूममध्ये बसू देतात. हे आधी विचारून ठेवलं तर पहाटे रस्त्यावर उभं राहायची वेळ येत नाही.

ओळखपत्राचं नीट ऐका, कारण यात एक अडचण आहे. बऱ्याच हॉस्टेलांचा नियम असतो की त्याच शहराचा पत्ता असलेल्याला जागा देत नाहीत. गावातली मंडळी पार्टी करायला येतात, भांडणं होतात, म्हणून. हंपीला तिला याचा त्रास नाही. पण पुढे पुण्यात नोकरी करून आधारवर पुण्याचा पत्ता केला आणि पुण्यातच एक रात्र डॉर्म हवी असली तर दारातून परत पाठवतील. मूळ ओळखपत्र दाखवायचं, नोंद करू द्यायची. झेरॉक्स मागितली तर मास्क्ड आधारची द्यायची, त्यात आधीचे आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून फुकट उतरवून घेता येतं. झेरॉक्सवर आडवं लिहायचं, ‘फक्त मुक्कामासाठी’ आणि तारीख. आमच्याकडे असं लिहून दिलं तर मी वाईट वाटून घेत नाही, कुणीच घेऊ नये. ओळखपत्र ठेवून घेतो म्हणाला तर मात्र द्यायचं नाही.

खोलीत गेल्यावर पहिली पाच मिनिटं कशात घालवायची ते सांगतो. बॅग गादीवर टाकायची नाही. आधी मोबाईलची बॅटरी लावून गादीची शिवण बघायची, चारी कोपरे आणि पलंगाच्या लाकडाच्या फटी. काळे बारीक ठिपके, शाई शिंपडल्यासारखे, दिसले तर ते ढेकणांचे असतात, मग ढेकूण दिसो न दिसो. चादर कितीही पांढरी असली तरी ठिपके शिवणीतच राहतात. दिसले की खाली जाऊन खोली बदलून मागायची, शेजारची कॉट नव्हे, खोली. आणि घरी आल्यावर बॅग थेट कपाटात ठेवायची नाही. सगळे कपडे कढत पाण्यात, साठ अंशांच्या आसपास, धुवायचे. त्यात ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. बॅगेच्या शिवणी बाहेरच झटकून पुसून घ्यायच्या.

मग बाथरूम. कडी लावून बघायची, आतून ढकलून बघायची. कपडे अडकवायला खुंटी आहे का, पाणी येतं का. पाण्याचं सोलापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, टाकी आणि पिंप बघूनच आपण भाड्याचं घर ठरवतो. तेच डोकं तिथे वापरा. एप्रिल-मेमध्ये मी टँकर मागवतो तेव्हा मला कळतं की अठरा माणसांना एका सकाळी किती पाणी लागतं. सगळे आठ ते नऊमध्ये अंघोळीला जातात. तिला साडेसहाला उठून अंघोळ उरकायला सांगा, गरम पाणीही तेव्हाच असतं.

खालची कॉट की वरची? बहुतेक जण खालची मागतात, चढायला नको म्हणून. पण खालच्या कॉटवर येणारा-जाणारा बसतो, बूट घालायला, गप्पा मारायला. वरच्या कॉटवर कुणी बसत नाही. तरण्या मुलीला वरची चांगली, फक्त कठडा पुरेसा उंच आहे ना, हलत नाही ना ते बघायचं. पडदा, स्वतःचा दिवा आणि उशीजवळ प्लग या तिन्ही गोष्टी प्रत्येक कॉटला असतील तर ते हॉस्टेल विचार करून बांधलंय असं समजा. प्लग दूर असेल तर मोबाईल लावून झोपायचं नाही, पॉवर बँक उशीजवळ ठेवायची.

बरोबर काय द्यावं, यावर मी जरा जास्त बोलणार आहे. माझा धंदाच हा होता.

पहिलं, टॉवेल देऊ नका. सव्वीस वर्षं टॉवेल विकलेला माणूस हे सांगतोय. टर्किश टॉवेलला जे उभे फास असतात ना, ते पाणी शोषतात आणि धरूनही ठेवतात. सोलापूरच्या उन्हात तो तासाभरात खडखडीत होतो, पण गोकर्णच्या दमट हवेत, तेही डॉर्मच्या पलंगाच्या दांडीवर, दुसऱ्या दिवशीही ओला राहतो आणि कुबट वास मारतो. पंचा द्या, सुती, पातळ, दोन. एक वाळत असताना दुसरा वापरता येतो, आणि दोन्ही मिळून घडी हातात मावते. सोलापुरी चादरीचंही तेच. ती घरात पांघरायला राजा आहे, पाठीवरच्या सॅकमध्ये मात्र अर्धी जागा तीच खाते.

चादरीऐवजी एक पिशवी शिवून द्या. घरात मऊ झालेली सुती साडी असेलच. साडेपाच मीटरच्या साडीतून ४.४ मीटर कापायची, मधोमध दुमडायची म्हणजे सव्वादोन मीटरला थोडी कमी लांबी होते, आणि दोन्ही बाजू शिवून टाकायच्या. वर तोंड उघडं. झाली झोपायची पिशवी. तिथली गादी, चादर कशीही असली तरी अंगाला आपलंच कापड लागतं. उरलेल्या मीटरभर कापडात उशीचा अभ्रा होतो. आमच्या बायकांच्या खोलीत येणाऱ्या एका नर्सबाईंकडे बायकोनं ही पिशवी पहिल्यांदा बघितली. धुऊन धुऊन कापड इतकं मऊ झालं होतं की हातात घेतल्यावर वजनच लागेना. त्या बाईंनी काठाचा भाग मुद्दाम तोंडाकडे ठेवला होता, अंधारात कुठली बाजू वर ते हाताला कळावं म्हणून. बायकोनं दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी एक शिवली.

कुलूप आपलं न्यायचं. हॉस्टेलमध्ये लॉकर असतो, कुलूप नसतं किंवा भाड्यानं मिळतं. दुकानात जाऊन जाडजूड कुलूप आणू नका. लॉकरच्या कडीचं भोक लहान असतं, जाड दांडी त्यात जात नाही. दांडी बारीक आणि जराशी लांब हवी. आकड्यांचं असेल तर किल्ली हरवायची भीती नाही. लॉकरमध्ये पैसे, ओळखपत्र, गाडीची तिकिटं, चार्जर. कपडे कुणी चोरत नाही. बाथरूमला जाताना पैशाची छोटी पिशवी बरोबर न्यायची, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्या. वीस दिवस भाकरीला काही होत नाही. पण चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात आणि ती स्वयंपाकघरात किंवा गच्चीत खायची, कॉटवर नाही. लसणाचा वास आपल्याला घरचा वाटतो, झोपलेल्या दुसऱ्या माणसाला तो नकोसा होतो, आणि भाकरीच्या चुऱ्यानं मुंग्या येतात. एक सांगतो, शेंगाचटणीचा डबा स्वयंपाकघरात उघडला की ओळखी करून घ्याव्या लागत नाहीत.

हे खाण्याचं बोललो ते त्यासाठीच की डॉर्ममध्ये आपलं वागणंही सुरक्षेतच धरायचं. ज्या मुलीनं खोलीतल्या बाकीच्यांना त्रास दिला नाही तिच्यासाठी बाकीच्या रात्री उठतात. पहाटे निघायचं असेल तर सामान रात्रीच भरून दाराशी ठेवायचं. कॅरीबॅगा सॅकमध्ये ठेवू नयेत. पहाटे पाचला त्या चुरचुरणाऱ्या प्लास्टिकचा आवाज आठ जणांना जागं करतो, त्याऐवजी कापडी पिशव्या वापराव्यात. खोलीचा मोठा दिवा दहानंतर लावायचा नाही. स्पीकरवर फोन नाही, आणि ताई, यात तुम्हीही येता. रात्री अकराला व्हिडिओ कॉल करून ‘खोली दाखव’ म्हणू नका. त्या खोलीत दुसऱ्यांच्या मुली झोपलेल्या असतात.

पहिल्या संध्याकाळी खोलीतल्या सगळ्यांना नाव सांगून नमस्कार करायचा. मी कुठल्या गावची, किती दिवस आहे, एवढंच. पुढचा बेत, कुठल्या बसनं जाणार, हे मात्र सगळ्यांना सांगायचं नाही. कुणी एकटीच आहेस का विचारलं तर ‘मैत्रीण आहे, संध्याकाळी आणखी दोघी येतायत’ म्हणावं. इथे खोटं बोललं तर चालतं.

हंपीबद्दल थोडं. होस्पेट स्टेशनपासून हंपी साधारण तेरा किलोमीटर आहे. पूर्वी सगळी स्वस्त गेस्टहाउसं नदीपलीकडे विरुपापूर गड्डेला असायची. कोर्टाच्या निकालानंतर २०२० मध्ये ती पाडली, तेव्हा त्याआधीची माहिती वाचून बेत आखू नका. आता हॉस्टेलं आहेत ती मुख्यतः आनेगुंदी-सणापूरकडे, म्हणजे तुंगभद्रेच्या उत्तर काठाला, आणि विरूपाक्ष मंदिर, विठ्ठल मंदिर दक्षिण काठाला. मधली होडी संध्याकाळी बंद होते आणि धरणातून पाणी सोडलं की दिवसाही चालत नाही. मग रस्त्यानं मोठा वळसा पडतो. कॉट स्वस्त मिळाली म्हणून पलीकडे राहायचं आणि रोज रिक्षाला पैसे द्यायचे, असं होतं. दोन दिवस देवळं बघायची असतील तर अलीकडे, हंपी गावात किंवा कमलापूरला राहावं. मग एक दिवस पलीकडे. गोकर्णला बरीच हॉस्टेलं कुडले किनाऱ्याच्या वरच्या टेकडीवर आहेत. दिवसा वाट सुरेख, रात्री अंधार. किनाऱ्यावरून उजेडातच वर यायचं, किंवा चौघी-पाचजणी मिळून.

जायच्या आधी एक रात्र जवळपास कुठेतरी काढता आली तर बघा. दोघींनी पंढरपूरला जावं, मंदिर समितीच्या भक्तनिवासात किंवा शेगाव संस्थानच्या भक्तनिवासात मुक्काम करावा. आषाढी-कार्तिकी सोडून. अक्कलकोटलाही यात्री निवास आहे. अनेक भक्तनिवासांत एकट्या माणसाला खोली देत नाहीत, म्हणून दोघींनी जायचं आणि आधी विचारायचं. मात्र नंबर संस्थानाच्या अधिकृत पानावरूनच घ्या. इंटरनेटवर भक्तनिवासांच्या नावानं खोटे नंबर टाकून आगाऊ पैसे उकळणारे आहेत. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन. रेल्वेच्या डॉर्मिटरीचाही अनुभव घेता येतो, कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर असला की आयआरसीटीसीवर कॉट मिळू शकते, बायकांची सोय आहे का ते आधी बघावं. सोलापूर-पुणे जाऊन-येऊन हेही होण्यासारखं आहे. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत मात्र उलट होतं, आमच्याकडेच कॉट शिल्लक नसते.

आता त्रास झाला तर काय, जे तुम्ही थेट विचारलं नाहीत पण मनात आहे. कुणी टक लावून बघतो, कॉटजवळ घुटमळतो, पिऊन बडबडतो, काहीही असो. मुलीनं पुरावा गोळा करत बसायचं नाही, आपला गैरसमज होतोय का याचा विचार करत बसायचं नाही. उठून काउंटरवर जायचं आणि मोठ्यानं सांगायचं, “मला ही खोली नको, बदलून द्या.” कारण द्यायचं बंधन तिच्यावर नाही. काउंटरवर बसणारा म्हणून सांगतो, अशी तक्रार आली की आम्ही आधी मुलीला हलवतो, चौकशी नंतर. जो आधी चौकशी करत बसतो, त्याच्याकडे पुढची दहा मिनिटंही थांबू नये. पोलिसांचा ११२ लावायचा. रेल्वेत असेल तर १३९.

गेल्या वर्षी आमच्याकडे रात्री सव्वादोनला एक मुलगी आली, पंचविशीची असेल. दुसऱ्या एका लॉजवरून निघाली होती. काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. बायकोनं चहा केला. कॉटवर बसल्यावर ती एवढंच म्हणाली, “तिथले तीन दिवसांचे पैसे भरलेत. घरी कळलं तर म्हणतील, राहायचं होतंस की.” सकाळपर्यंत ती पैशांचाच हिशेब करत होती.

म्हणून ताई, झोपायची पिशवी, चटणी, कुलूप सगळं दिल्यावर आणखी एक करा. एका स्वतंत्र खोलीपुरते पैसे, समजा अडीच हजार, वेगळ्या पाकिटात घालून तिच्या हातात द्या आणि सांगा की हे फिरायचे नाहीत, खायचे नाहीत. मध्यरात्री एखादी जागा नको वाटली तर उठून दुसरीकडे जाण्याचे आहेत. आधीचे भरलेले बुडाले तर बुडू देत, मी एका शब्दानं विचारणार नाही. हे तोंडानं म्हणा, तिला गृहीत धरायला लावू नका. आणि पाकीट न फोडता परत आलं, तर मागून घेऊ नका. पुढच्या फेरीला लागेल.